एक तक्रार, दोन आजार: सात सीटच्या गाडीच्या सेल्फची आठ महिन्यांची गोष्ट

पार्श्वभूमी

गाडी माझ्या ताईची, म्हणजे कागदावर भाऊजींची पण चालवते ताई. सात सीट, मागे दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, पेट्रोल, ऑटोमॅटिक गियर, हे सगळं झालं तेव्हा नऊ वर्षं जुनी. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण असं कुठल्याही गाडीत होऊ शकतं, आणि गॅरेजवाल्यांची नावंही लिहीत नाही कारण त्यातलं कोणी लबाड नव्हतं, सगळ्यांनी जे समोर दिसलं त्यावर पार्ट बदलला इतकंच.

घरात ताई, भाऊजी, दोन मुलं आणि भाऊजींची आई, म्हणजे मुलांची आजी. गाडीच्या दिवसभरात पाच-सहा फेऱ्या, शाळा, क्लास, आजींचे गुडघ्याचे व्यायाम, सामान आणणं, आणि बहुतेक फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्या. म्हणजे सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) वारंवार लागतो आणि बॅटरीला परत भरायला वेळच मिळत नाही. ऑटोमॅटिक असल्यामुळे धक्का मारून चालू करायची सोय नाही, त्यामुळे गाडी अडली की तिथंच अडली.

तक्रार काय होती

घरात सगळे एकच वाक्य बोलायचे, "गाडी चालू होत नाही." गॅरेजला फोनवर हेच, मला फोनवर हेच. ताई मात्र पहिल्या महिन्यापासून म्हणत होती की आवाज दोन वेगळे येतात, कधी भराभर टकटकटकटक येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मरतात, आणि कधी एकच ठणठणीत 'टक्' येऊन शांत, दिवे मात्र लख्ख. यावर भाऊजी म्हणायचे, "अगं, आवाज कसाही येऊ दे, चालू होत नाही ना, मग झालं." मीही तेव्हा हसून सोडून दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

या दोन आवाजांत फरक काय ते आधी सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला मोठा करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, मोठा करंट मागितला की बॅटरीचा व्होल्टेज कोसळतोय, सोलेनॉइड सुटतोय, व्होल्टेज परत वर येतोय, परत ओढला जातोय. हे बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचं लक्षण. एकच टक् आणि दिवे लख्ख म्हणजे बॅटरीत दम आहे, सोलेनॉइड ओढलाही गेलाय, पण मोटरपर्यंत करंट पोचत नाहीये. यात मग सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, मोटरचे ब्रश, जाड वायरींचे जोड किंवा अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परत यायची वाट. आणि तिसरा प्रकार म्हणजे काहीच आवाज नाही, तेव्हा रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), किल्लीचा स्विच, गियरचा न्यूट्रल स्विच (गियर पार्क किंवा न्यूट्रलला नसेल तर सेल्फ लागू न देणारा) किंवा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) बघायचं. तिसरा प्रकार या गाडीत एकदाही झाला नाही, आणि ही पण उपयोगाची माहिती होती, फक्त ती कोणी वापरली नाही.

माझ्या हातात यायच्या आधी काय काय बदललं

पहिला महिना. सकाळी टकटकटक. शेजारच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जम्प केली, झाली चालू. बॅटरी चार वर्षं जुनी होती, त्यामुळे "वय झालं" म्हणून नवीन ६५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप) टाकली. टाकताना जुनी तपासली नाही. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, चार वर्षं म्हणजे बॅटरीनं बऱ्यापैकी नोकरी केली, पण ती मेली कशानं हे विचारायची संधी तिच्याबरोबर गेली.

तिसरा महिना. नवीन बॅटरी दोनदा उतरली. दुसऱ्या गॅरेजमध्ये निदान झालं, अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाही. तपासायची पद्धत काय, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसून बघितलं. ही पद्धत जुन्या गाड्यांच्या काळातली, आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीवर ती कोणीही करू देऊ नका, बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि एखादा ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, कायमचा जाऊ शकतो. गंमत म्हणजे टर्मिनल काढल्यावर इंजिन चालूच राहिलं, तरी "वीक आहे" म्हणून अल्टरनेटर बदलला गेला. चालू इंजिनवर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मीटर लावून १३.८ ते १४.७ च्या आसपास व्होल्ट येतात का, एवढं बघायला एक मिनिट लागलं असतं.

चौथा महिना. आता दुसऱ्या आवाजाची पाळी. मेडिकलपाशी गाडी दहा मिनिटं उभी केली, परत येऊन किल्ली फिरवली तर एकच टक्. दिवे लख्ख. वाट बघून, दहा-बारा मिनिटांनी परत फिरवली तर झाली चालू. असं तीन वेळा झाल्यावर तिसऱ्या मेकॅनिकनं पान्याच्या मुठीनं सेल्फवर दोन ठोके मारले, गाडी चालू झाली, आणि त्यानं ठरवलं सेल्फ गेला. ठोक्यानं चालू होणं हे खरंच झिजलेल्या सेल्फचं नेहमीचं लक्षण आहे, त्यामुळे त्याला दोष देत नाही. सेल्फ बदलला. आणि तीन आठवडे गाडी अगदी गुणी मुलासारखी वागली! सगळ्यांना वाटलं सापडलं एकदाचं.

पाचव्या महिन्यात दोन्ही आवाज परत.

या सगळ्या काळात एका गोष्टीनं सगळ्यांना फसवलं, मलाही. गाडी कधीही अडली, कुठल्याही आवाजानं अडली, जम्प केली की लगेच चालू व्हायची. त्यामुळे प्रत्येकाचा निष्कर्ष एकच, "पॉवर कमी पडतेय." हे असं का व्हायचं ते कळायला मला अजून दीड महिना लागला.

पर्याय काय होते

सहाव्या महिन्यात भाऊजींनी मला बोलावलं. मी मेकॅनिक नाही, पण मीटर हातात धरता येतो. बसून बोललो तेव्हा टेबलावर पाच गोष्टी होत्या.

एक, गाडी विकून टाका. भाऊजींचा कल तिकडेच होता. ताई म्हणाली की कारण न सांगता विकणं बरोबर नाही, आणि कारण सांगायचं तर ते आपल्यालाच माहीत नाही. दोन, बॅटरीला कट-ऑफ स्विच लावायचा आणि रोज रात्री बंद करायचा. यानं रात्रीचं उतरणं थांबलं असतं पण मेडिकलसमोरचा टक् थांबला नसता, आणि रोज घड्याळ, रेडिओ, काचांचं सेटिंग परत लावत बसा. तीन, चौथ्या एका माणसानं सुचवलेलं, किल्लीचा स्विच, रिले आणि वायरिंगचा तो भाग सगळा बदला. ते मला अजिबात पटलं नाही, कारण टक् आवाज येतोय म्हणजे किल्ली, रिले आणि न्यूट्रल स्विच यांनी आपलं काम केलेलं आहे, सिग्नल सोलेनॉइडपर्यंत पोचलाय. चार, डिकीत जम्प स्टार्टरची डबी ठेवायची. आणि पाच, पुढचे काही दिवस काहीही न बदलता फक्त मोजायचं आणि लिहायचं.

आम्ही चार आणि पाच एकत्र धरले. डबी यासाठी की आजी आणि मुलं रस्त्यात अडकू नयेत, उपाय म्हणून नाही. भाऊजींना पाचवा पर्याय वेळकाढूपणा वाटला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता, पाच महिने पैसे घालून झालेल्या माणसाला "आता काही करू नका, लिहा" म्हणणं म्हणजे चेष्टाच.

ताईची वही

वहीत रकाने असे: तारीख, वेळ, गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गरम की थंड, आवाज कुठला, डॅशबोर्डचे दिवे कसे, शेवटी कशानं चालू झाली. ताईनं स्वतःहून एक रकाना वाढवला, "काल शेवटी कोण उतरलं." मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, "असू दे रे, मला काहीतरी वाटतंय."

एकोणीस दिवसांत सात नोंदी झाल्या. चार टकटकवाल्या, तीन एका टक्‌वाल्या. टकटकच्या चारही सकाळच्या, गाडी रात्रभर किंवा त्याहून जास्त उभी, इंजिन थंड. एका टक्‌च्या तिन्ही दुपार-संध्याकाळच्या, इंजिन गरम, गाडी पाच ते चाळीस मिनिटं उभी. एकही नोंद उलटसुलट नाही. दोन वेगळे आजार आहेत हे त्या पानावर आरशासारखं दिसत होतं, आणि ते ताई सहा महिने सांगत होती.

आणि तिच्या त्या जादा रकान्यात टकटकच्या चारही नोंदींपुढे एकच शब्द होता: आजी.

पहिला आजार: गरम इंजिन, एकच टक्

हा आधी घेतला कारण हा रस्त्यात अडवत होता. मोजायची पद्धत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, करंट वाहताना वायरीत आणि जोडांत किती व्होल्ट वाया जातात ते. मीटर व्होल्टवर, गियर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एक जण किल्लीवर आणि एक जण बोनेटपाशी, हात बेल्ट आणि पंख्यापासून लांब. सेल्फ फिरत असताना तीन ठिकाणी आकडे घ्यायचे. वायर ओममध्ये, म्हणजे तिचा रेझिस्टन्स, मोजून इथं काही कळत नाही, कारण साधा मीटर एखादा मिलिअँपिअर सोडून बघतो, सेल्फ दीड-दोनशे अँपिअर ओढतो, आणि शंभर तारांपैकी पाचच शाबूत असल्या तरी मीटर "ठीक आहे" म्हणतो. हिशोब बघा, दोनशे अँपिअरला ०.०१ ओम म्हणजे दोन व्होल्ट गायब.

गाडी वीस मिनिटं फिरवून आणली आणि लगेच मोजलं. सेल्फ फिरताना बॅटरीच्या टोकांवर १०.४ व्होल्ट, हे चांगलं, ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर संशय धरला असता. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.३, हेही चालेल, अर्ध्या व्होल्टपर्यंत मी मान्य करतो. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत १.४. इथं ०.२ च्या आसपास हवं होतं. म्हणजे सेल्फला प्रत्यक्षात ८.७ व्होल्टच मिळत होते, तो फिरत होता हेच नशीब.

मग त्या १.४ चे तुकडे केले. या गाडीत मायनसची एक जाड वायर बॉडीला येते, आणि बॉडीपासून गियरबॉक्सला तांब्याची विणलेली पट्टी जाते, सेल्फचा सगळा परतीचा करंट त्या पट्टीतून. मायनस ते बॉडी ०.१, बॉडी ते गियरबॉक्स १.३. सापडलं. पट्टी वरून बरी दिसत होती, पण लगच्या (पट्टीच्या टोकाच्या कडीच्या) आत तांबं हिरवं होऊन भुगा झालेला आणि बॉडीच्या बाजूला बोल्टखाली गंजाचा थर.

खात्रीसाठी बिघाड घडताना पकडायचा होता. दुसऱ्या दिवशी पकडला: एकच टक्, त्या क्षणी बॅटरीच्या टोकांवर ११.८ व्होल्ट, आणि मायनस ते इंजिन ६ व्होल्टच्या वर. बॅटरी ११.८ वर आरामात बसलीये म्हणजे तिच्यातून मोठा करंट जातच नाहीये, उतरलेली असती तर कोसळली असती. मग एकच जम्पर केबल घेतली, काळी, दुसरी गाडी नाही काही नाही, बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या धातूला लावली. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. भाऊजी म्हणाले, "परत कर." परत केलं. केबल काढली की टक्, लावली की चालू.

आणि तेव्हा ते जम्पचं कोडं सुटलं. जम्प करताना काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूला लावायचा ही शिस्त भाऊजी कटाक्षानं पाळायचे, बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून, आणि ती बरोबरच आहे. पण त्यामुळे दर वेळी ते नकळत खराब पट्टीला वळसा घालून नवीन अर्थिंग देत होते! बॅटरी भरलेली असताना, गरम इंजिनवर, जम्प का चालते याचं उत्तर हे होतं. योग्य पद्धतीनं केलेल्या जम्पनंच खरा आजार सहा महिने लपवला.

सेल्फ बदलल्यावर तीन आठवडे ठीक का चाललं, तेही पट्टी काढताना कळलं. पट्टीचा गियरबॉक्सकडचा बोल्ट हाच सेल्फ धरून ठेवणारा बोल्ट. सेल्फ काढला-बसवला तेव्हा तो जोड खरवडला गेला, आवळला गेला, तात्पुरता सुधारला. पान्याचे दोन ठोकेही त्याच जोडाच्या अगदी शेजारी बसले होते.

दुसरा आजार: सकाळची टकटक, आणि माझी चूक

खरं तर मी रात्रीचा करंट सहाव्या महिन्याच्या सुरुवातीलाच मोजला होता. मायनस काढून मध्ये मीटर लावला, आकडा शून्य, आणि मी छाती फुगवून जाहीर केलं की गाडी रात्री काही खात नाही. एवढ्या आत्मविश्वासानं की पुढचे दोन आठवडे त्या दिशेला कोणी बघितलंच नाही.

झालं असं होतं की मीटर मध्ये असताना धाकट्यानं दार उघडलं, मग कोणीतरी किल्ली फिरवली, आणि मीटरच्या आतला १० अँपिअरचा फ्यूज गेला. त्यानंतर मीटर प्रत्येक गोष्टीला शून्यच दाखवणार. खरं म्हणजे पूर्ण शून्य हेच संशयास्पद होतं, झोपलेली गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म यांच्यासाठी २०-३० मिलिअँपिअर घेते, ५० पर्यंत ठीक मानतात. पुढे एक पेटलेला बल्ब मीटरमधून घेऊन बघितला तेव्हा लाज वाटली.

दुसरी अडचण अशी की बॅटरी सोडून परत जोडली की सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, रिसेट होतात, आणि जो झोपत नव्हता, म्हणजे गाडी बंद झाल्यावरही करंट खात होता, तोही त्या रात्री शहाण्यासारखा झोपू शकतो. म्हणून दुसऱ्यांदा वायर सोडलीच नाही. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथं मिलिव्होल्टमध्ये मोजलं. फ्यूज स्वतः एक छोटा रेझिस्टरच, त्यातून करंट जात असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. (डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर काम अजून सोपं, पण साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, विकत घेताना बघून घ्या.)

डॅशबोर्डखालच्या फ्यूजपर्यंत पोचायला दार उघडावं लागलं असतं आणि दार उघडलं की गाडी जागी होते, म्हणून काच आधीच खाली करून ठेवली आणि फ्यूजचं झाकणही काढून ठेवलं. मग ताईच्या रकान्याप्रमाणे आजींना बोलावलं. म्हटलं, "आजी, रोजच्यासारखं बसा, उतरा आणि दार लावा." त्या म्हणाल्या, "रोज कसं लावते ते मला काय माहीत?" पण लावलं, डावीकडचं सरकतं दार, दोन्ही हातांनी, हळूच, आवाज न करता. दार बंद दिसत होतं. हलवून बघितलं तरी बंदच.

चाळीस मिनिटं थांबलो, कारण आजकालच्या गाड्यांना झोपायला वीस ते चाळीस मिनिटं लागू शकतात, आणि घाई केली की चुकीचा आकडा मिळतो. काचेतून हात घालून एकेक फ्यूज बघितला. बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (दारं, लॉक, दिवे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) १० अँपिअरच्या फ्यूजवर ७ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ०.९ अँपिअर. मग तेच दार ताईनं जोरात आपटलं. आणखी चाळीस मिनिटांनी त्याच फ्यूजवर जवळजवळ शून्य.

आता हिशोब बसला. ०.९ अँपिअर बारा तास म्हणजे जवळपास ११ अँपिअर-अवर. शनिवारी रात्री लावून सोमवारी सकाळी काढली तर छत्तीस तास, ३२ अँपिअर-अवर, म्हणजे ६५ च्या नव्या बॅटरीतली अर्धी गेली, आणि त्यात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी ती कधी पूर्ण भरलेलीच नसायची.

दाराच्या लॉकच्या आत एक छोटा मायक्रोस्विच असतो, तो गाडीला सांगतो दार बंद आहे. लॉकमधलं ग्रीस वाळून चिकट झालेलं, त्यामुळे हळू लावलं की दार अडकायचं पण स्विच शेवटपर्यंत दाबला जायचा नाही. गाडीच्या मते दार रात्रभर उघडंच, मग ती झोपणार कशी! मग आठवणी निघाल्या. ताई म्हणाली की त्या सकाळी गाडी जम्प झाल्यावर डॅशबोर्डवर बरेचदा दाराचं चिन्ह दिसायचं, ती उतरून दार परत आपटायची आणि निघायची. आणि छतावरचा दिवा, जो अशा वेळी निदान काही वेळ तरी पेटलेला दिसला असता, तो मुलं सारखी चालू करतात म्हणून भाऊजींनी वर्षापूर्वी कायमचा बंद करून ठेवला होता.

काय केलं

पट्टी नवीन टाकली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासले, आवळल्यावर वरून ग्रीसचा हात मारला. नंतर सेल्फ फिरताना मायनस ते इंजिन ०.२ च्या आत. तासाभराचं काम.

दाराच्या लॉकमध्ये आधी क्लीनर स्प्रे मारून नवीन ग्रीस लावलं. अकरा दिवस चाललं, बाराव्या सकाळी टकटक. भाऊजी माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मग लॉकचा तो स्विचवाला भाग बदलला. त्यानंतर तीन वेगवेगळ्या रात्री फ्यूजवर मोजलं, तिन्ही वेळा झोप लागलेली, आणि मीटरला नवीन फ्यूज टाकून पूर्ण गाडीचा करंट बघितला तर ३० मिलिअँपिअर.

बॅटरी चार्जरवर रात्रभर हळूहळू भरली, काही तास ठेवून मोजली तर १२.५, म्हणजे आकडा बरा. पण टेस्टरवर तिची सेल्फ फिरवायची ताकद लेबलवरच्या आकड्याच्या साठ टक्के निघाली. सेल्फसाठीच्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरायला बनवलेल्याच नसतात, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि सगळं परत निघत नाही. सहा-सात महिन्यांची बॅटरी होती ती. लगेच बदलू नका म्हटलं, आधी दोन दुरुस्त्या टिकतात का ते बघू, नाहीतर तिसरीही तशीच मरेल. महिन्याभरानं, म्हणजे आठव्या महिन्याच्या शेवटी, बदलली.

निकाल

बॅटरी बदलल्याला सात महिने झाले. एकही टकटक नाही, एकही टक् नाही. आजी दार अजूनही तसंच हळू लावतात, आणि त्यांना ते बदलायला सांगायचं नाही असं ताईनं ठरवलं होतं, कारण दार हळू लावणं हा बिघाड नाही. जम्प स्टार्टरची डबी डिकीत आहे, एकदा शेजाऱ्यांच्या गाडीला उपयोगी पडली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, ताईचं ऐकायला हवं होतं. गॅरेजमध्ये गाडी घेऊन जायचे भाऊजी, आणि गाडी अडायची ताईसमोर, त्यामुळे तीनही मेकॅनिकपर्यंत "चालू होत नाही" एवढंच पोचलं, दोन आवाज पोचलेच नाहीत. मोबाइलवर दोन्ही आवाजांचे दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ जरी दाखवले असते तरी तिसऱ्या मेकॅनिकनं सेल्फ काढायच्या आधी अर्थिंगला हात घातला असता असं मला वाटतं, माणूस अनुभवी होता.

दुसरं, प्रत्येक पार्ट बदलायच्या आधी एक आकडा घ्यायला हवा होता. बॅटरीआधी लोड टेस्ट (मोठा करंट ओढून बॅटरीचा दम बघणं), अल्टरनेटरआधी चालू इंजिनचा व्होल्टेज, सेल्फआधी दोन बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप. तिन्ही मिळून अर्धा तास. आणि पार्ट बदलल्यावर तोच आकडा परत घ्यायचा, कारण "तीन आठवडे बरं चाललं" यानं आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं. जो बिघाड अधूनमधून येतो तो अधूनमधून जाणारही, त्याच्या जाण्याचं श्रेय शेवटच्या पार्टला देऊन चालत नाही.

तिसरं माझ्याबद्दल. मीटर शून्य दाखवतोय तेव्हा तो शून्य मोजतोय की काहीच मोजत नाहीये हे आधी बघायचं, एखाद्या बल्बवर, दहा सेकंदांचं काम. आणि दोन आजार असू शकतात हे मी वही बघेपर्यंत मनात आणलंच नव्हतं, एकच कारण शोधत होतो जे सकाळी थंड आणि दुपारी गरम दोन्हीकडे लागू पडेल, आणि असं कारण नव्हतंच.

एका गोष्टीवर भाऊजींचं आणि माझं अजून जमत नाही. त्यांचं म्हणणं, नऊ वर्षांच्या गाडीत अल्टरनेटर आणि सेल्फ कधीतरी बदलावेच लागले असते, पैसे वाया गेले नाहीत. जुना सेल्फ त्यांनी फेकला नव्हता, माळ्यावर पोत्यात होता. मागच्या महिन्यात मी तो काढला, शिकंज्यात घट्ट धरला आणि बॅटरीवर लावला. झर्रकन फिरला. भाऊजी म्हणाले, लोड नसताना कुठलाही फिरतो, त्यानं काही सिद्ध होत नाही, आणि त्यांचं ते म्हणणं बरोबर आहे. सेल्फ परत पोत्यात गेला.